तात्पुरती वाटणी : वेस्ट बँकेतील 'अ', 'ब' आणि 'क' क्षेत्रांची पार्श्वभूमी

इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्या संघर्षाचा इतिहास सांगताना 1917 चा ब्रिटिश जाहीरनामा, 1948 चे युद्ध आणि 1967 चे सहा दिवसांचे युद्ध हे टप्पे ओघाने येतात आणि वाचकांना ते ठाऊकही असतात. वेस्ट बँकेतल्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील पॅलेस्टिनी भागातल्या, एखाद्या गावात शाळेची खोली बांधायला परवानगी कोणाकडे मागायची आणि कोणत्या रस्त्यावर कोणत्या पोलिसांचा अधिकार चालतो, हे मात्र त्यांपैकी कोणत्याही वर्षी ठरलेले नाही. ते ठरले 28 सप्टेंबर 1995 रोजी वॉशिंग्टनमध्ये सही झालेल्या अंतरिम कराराने. दोन्ही समाज या संघर्षाकडे इतक्या वेगळ्या नजरेने का पाहतात, हे समजून घ्यायचे असेल तर या कराराइतका उपयोगी दस्तऐवज दुसरा नाही, कारण एकाच मजकुरातून दोघांनी दोन वेगळी वचने वाचली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 33 विरुद्ध 13 मतांनी फाळणीची योजना मंजूर केली. दहा देश तटस्थ राहिले आणि भारताने विरोधात मत दिले. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असलेल्या ज्यू समाजाला या योजनेत निम्म्याहून अधिक भूभाग मिळत होता, त्यामुळे अरब बाजूला ती अन्यायाची वाटली. युरोपातील संहारातून वाचलेल्या ज्यूंच्या दृष्टीने मात्र ते जगाने उशिरा मान्य केलेले हक्काचे घर होते. युद्धानंतर 1949 मध्ये शस्त्रसंधीची रेषा आखली गेली, तेव्हा जुन्या पॅलेस्टाईनचा सुमारे 78 टक्के भाग इस्रायलकडे होता आणि सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतील लाखो ज्यूंनाही आपली घरे सोडावी लागली, आणि इस्रायली लोक निर्वासितांचा प्रश्न निघाला की त्यांची आठवण करून देतात. या घडामोडींशी मराठी माणसाचाही एक धागा आहे. जुलै 1948 मध्ये लोद शहरातील बहुसंख्य अरब रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले. नंतर तिथे निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू वसले आणि त्यांत कोकणातून व मुंबईतून गेलेली मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबेही होती.

1967 नंतर वेस्ट बँक आणि गाझा पट्टी इस्रायली लष्कराच्या ताब्यात आली आणि तिथे इस्रायली ज्यूंच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. डिसेंबर 1987 मध्ये गाझातील जबालिया छावणीतून पहिला उठाव पेटला. जुलै 1988 मध्ये जॉर्डनने वेस्ट बँकेवरचा दावा सोडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्वासनातील पॅलेस्टिनी नेतृत्वाने अल्जीयर्समध्ये स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. भारताने त्या राष्ट्राला त्याच महिन्यात मान्यता दिली, तर इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी 1992 मध्ये जोडले. सप्टेंबर 1993 मध्ये दोन्ही नेतृत्वांनी एकमेकांना मान्यता दिली आणि ज्या वाटाघाटी नॉर्वेत गुपचूप सुरू झाल्या होत्या त्यांतून तत्त्वांचा जाहीरनामा बाहेर आला. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा आणि सुरक्षा हे सर्वांत कठीण प्रश्न अखेरच्या वाटाघाटींसाठी राखून ठेवण्यात आले. आधी विश्वास निर्माण होईल आणि मग हे प्रश्न सुटतील, अशी त्यामागची कल्पना होती.

1995 च्या कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग पाडले. 'अ' क्षेत्रात जेनिन, नाब्लुस, तुलकर्म, कल्किल्या, रामल्ला, बेथलेहेम ही शहरे आणि आधीच हस्तांतरित झालेले जेरिको होते. तिथे नागरी कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे, म्हणजे या वाटाघाटींतून उभ्या राहिलेल्या मर्यादित स्वशासनाकडे गेले. 'ब' क्षेत्रात बहुतेक खेडी होती. तिथला नागरी कारभार पॅलेस्टिनींकडे आला, मात्र सुरक्षेचा वरचष्मा इस्रायलकडे राहिला. उरलेले सगळे 'क' क्षेत्रात मोडले. सर्व वसाहती, जॉर्डन खोऱ्याचा बहुतांश भाग, चराऊ रानांची आणि शेतीची बरीचशी जमीन आणि या सगळ्याला जोडणारे रस्ते तिथे होते, आणि तिथली सुरक्षा, जमीन व बांधकाम या तिन्हींवर इस्रायली लष्करी प्रशासनाचा अधिकार राहिला. पुढील हस्तांतरणे झाल्यावर 2000 साली जे प्रमाण स्थिर झाले ते सुमारे 18, 22 आणि 60 टक्के असे आहे. यातील महत्त्वाची गोष्ट टक्केवारीतून दिसत नाही, ती नकाशावर दिसते : 'क' क्षेत्र सलग आहे, तर 'अ' आणि 'ब' त्यात विखुरलेल्या दीडशेहून अधिक तुकड्यांत आहेत.

वादाचे मूळ करारातील हस्तांतरणाच्या कलमांत आहे. पॅलेस्टिनींची निवडून आलेली परिषद अस्तित्वात आल्यापासून 18 महिन्यांत, सहा-सहा महिन्यांच्या तीन टप्प्यांत, इस्रायली लष्कर आणखी मागे घेतले जाईल आणि 'क' क्षेत्र क्रमाक्रमाने पॅलेस्टिनी अधिकाराखाली येईल, असे त्यात म्हटले होते. अखेरच्या वाटाघाटींसाठी राखलेले विषय मात्र त्यातून वगळले होते. किती चौरस किलोमीटर जमीन सोडायची, हे कुठेही लिहिलेले नव्हते. पॅलेस्टिनी वाटाघाटीकारांनी त्याचा अर्थ असा घेतला की वसाहती आणि लष्करी ठाणी वगळता जवळजवळ सगळी वेस्ट बँक त्यांच्याकडे येणार. माघार किती घ्यायची हे सुरक्षेचा विचार करून आपणच ठरवायचे आहे, असे इस्रायली सरकारने मानले. मार्च 1997 मध्ये पहिल्या टप्प्यासाठी देऊ केलेला भाग इतका थोडा होता की पॅलेस्टिनींनी तो नाकारला. ऑक्टोबर 1998 च्या करारात वेस्ट बँकेच्या 13 टक्के इतका भाग 'क' मधून सोडण्याचे ठरले, पण दोन महिन्यांतच अंमलबजावणी थांबवण्यात आली.

दुसरे वादग्रस्त कलम याहून अधिक बोलके आहे. अखेरचा तोडगा निघेपर्यंत कोणत्याही पक्षाने या प्रदेशाची स्थिती बदलेल असे पाऊल उचलू नये, असे ते सांगते. पॅलेस्टिनींच्या मते नवी वसाहत किंवा जुनीचा विस्तार हेच ते पाऊल. इस्रायली सरकारांनी मात्र सातत्याने असे म्हटले की हे कलम कायदेशीर स्थितीबद्दल, म्हणजे एकतर्फी विलीनीकरण किंवा एकतर्फी राष्ट्रघोषणा यांबद्दल आहे, घरे बांधण्याबद्दल नाही. 1993 मध्ये पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेतील वसाहतींत एक लाखाहून थोडे अधिक लोक राहत होते; आज ती संख्या पाच लाखांच्या पुढे आहे. वाटाघाटी ज्या जमिनीबद्दल चालू आहेत तीच दिवसेंदिवस आक्रसत असेल, तर समोरच्याचा वाटाघाटींवर विश्वास राहणार नाही. इतकी साधी गोष्ट करार लिहिणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल हे पटत नाही. वसाहतींचा उल्लेख स्पष्टपणे केला असता तर करारच झाला नसता, म्हणून तो टाळण्यात आला, असेच मानावे लागते.

इस्रायली बाजूने या वर्षांची आठवण पूर्ण वेगळी आहे. कराराला 120 सदस्यांच्या संसदेत 61 विरुद्ध 59 अशी जेमतेम मंजुरी मिळाली. हेब्रॉन, शिलो, बेत एल ही धर्मग्रंथातील गावे सोडणे वसाहतींतील धार्मिक रहिवाशांना पितृभूमी सोडण्यासारखे वाटत होते, आणि 4 नोव्हेंबर 1995 रोजी त्याच विचाराच्या एका ज्यू तरुणाने पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या केली. फेब्रुवारी आणि मार्च 1996 मध्ये जेरुसलेम व तेल अवीवमधील बस आणि रस्ते आत्मघाती स्फोटांनी हादरले. ज्या शहरांतून आपले सैन्य मागे घेतले तिथूनच मारेकरी येत आहेत, ही भावना त्या काळात पक्की झाली आणि मे 1996 च्या निवडणुकीत कराराच्या विरोधकांची सत्ता आली. पॅलेस्टिनी स्मरणात या मालिकेची सुरुवात वेगळ्या दिवशी होते : 25 फेब्रुवारी 1994 रोजी हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत वसाहतीत राहणाऱ्या एका ज्यूने नमाज पढणाऱ्या 29 जणांना गोळ्या घालून ठार केले होते.

पाच वर्षांची अंतरिम मुदत 4 मे 1999 रोजी संपली. जुलै 2000 मधील कॅम्प डेव्हिडची शिखर बैठक निष्फळ ठरली. उदार प्रस्ताव फेटाळला गेला, असे इस्रायली सांगतात, तर तुकड्यातुकड्यांचे राज्य गळ्यात मारले जात होते, असे पॅलेस्टिनी सांगतात. सप्टेंबरअखेर दुसरा उठाव सुरू झाला. मार्च 2002 मध्ये नेतान्यातील हॉटेलात वल्हांडण या ज्यू सणाच्या भोजनावेळी 30 जण मारले गेल्यावर इस्रायली लष्कर 'अ' क्षेत्रातील शहरांत पुन्हा शिरले आणि त्याच वर्षी विभाजक भिंतीचे काम सुरू झाले. स्फोटांची संख्या घटली, हे खरे आहे. त्या भिंतीचा मोठा भाग 1949 च्या रेषेपलीकडे, वेस्ट बँकेच्या आतून, पॅलेस्टिनींच्या शेतांमधून जातो, हेही खरे आहे, आणि 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात तिला बेकायदा ठरवले.

गाझाचा मार्ग वेगळा झाला. 2005 मध्ये तिथून वसाहती आणि सैन्य हटवण्यात आले, 2007 मध्ये हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेने सत्ता ताब्यात घेतली आणि नाकेबंदी कडक झाली. माघार घेतली आणि रॉकेट मिळाले, असा धडा बहुसंख्य इस्रायलींनी यातून घेतला आणि तोच ते 'क' क्षेत्राला लावतात. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य विभागाच्या नोंदींनुसार, साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. साऱ्या जगाचे लक्ष गाझाकडे असताना वेस्ट बँकेतील मेंढपाळ वस्त्यांवरचे हल्ले वाढले आणि अनेक कुटुंबे 'क' क्षेत्र सोडून गेली.

1995 चा करार कोणीही औपचारिकपणे रद्द केलेला नाही. जुलै 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदा असल्याचे मत दिले. इस्रायलने ते फेटाळले आणि या प्रदेशाचा निर्णय दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींतूनच व्हायला हवा, असे सांगितले. ऑगस्ट 2025 मध्ये जेरुसलेम आणि माले अदुमिम ही वसाहत यांच्यामधल्या, दशकानुदशके रखडलेल्या पट्ट्यात सुमारे 3,400 घरांच्या योजनेला मंजुरी मिळाली. हा पट्टा 'क' क्षेत्रात येतो, आणि तिथे वस्ती झाल्यावर रामल्लाहून बेथलेहेमकडे जाणारा पॅलेस्टिनी भूभाग मधोमध तुटतो.