बॅरिस्टर नव्हे, वकील: पुण्यातून सनद कशी काढायची

एलएलबीला प्रवेश घेतला की नात्यातलं कोणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, “म्हणजे आता बॅरिस्टर होणार!” पुण्यात हा शब्द टिकून राहिला यात नवल नाही. बॅरिस्टर जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते आणि बॅरिस्टर विठ्ठलराव गाडगीळ पुण्याचे खासदार. पण लॉ कॉलेज रस्त्यावरून कितीही वेळा पास झालात तरी बॅरिस्टर होता येत नाही. त्यासाठी लंडनच्या लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल किंवा मिडल टेंपल या चारपैकी एका संस्थेचं सभासद व्हावं लागतं. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे. इंग्लंडमध्ये कामाची वाटणी आजही आहे: पक्षकार सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो, सॉलिसिटर कागद जुळवून ब्रीफ (प्रकरणाचे कागद) देतो आणि बॅरिस्टर कोर्टात युक्तिवाद करतो. बहुतेक बॅरिस्टर कोणाचे नोकर नसतात. चेंबरचा, म्हणजे सामायिक कार्यालयाचा, खर्च वाटून घेऊन जो तो आपापली प्रॅक्टिस करतो. त्याआधी वर्षभराची उमेदवारी असते, आणि ती मिळवणं परीक्षेपेक्षा अवघड.

आपल्याकडे मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) हीच दुहेरी पद्धत 1976 अखेरपर्यंत चालली. आता अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 प्रमाणे वकिली करणाऱ्यांचा एकच वर्ग आहे, तो म्हणजे अॅडव्होकेट. बॅरिस्टर असणं ही सनदेसाठीची, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठीची, पात्रता म्हणून कायद्यात होती, पण 31 डिसेंबर 1976 पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच. त्यामुळे आज लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेल्यालाही शिवाजीनगर कोर्टात त्या जोरावर थेट उभं राहता येत नाही. लागते ती सनद.

कोणाला मिळते

भारतीय नागरिकत्व, वयाची 21 वर्षं पूर्ण, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था) मान्य केलेली एलएलबी. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची, दोन्ही चालतात. घरबसल्या पत्रद्वारा केलेली एलएलबी चालत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

वयाला वरची मर्यादा नाही. एकेकाळी 45 वर्षांची अट घालून पाहिली होती, ती सुप्रीम कोर्टाने 1995 साली रद्द केली. पुण्यात बँकेतून, सरकारी खात्यातून निवृत्त होऊन एलएलबी करणारे काही कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. पेन्शन आड येत नाही, आड येतो तो चालू पगार. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. नोकरी लागली तर राज्याच्या बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवायची. दवाखाना चालवत वकिली करू पाहणाऱ्या एका सर्जनचं प्रकरण महाराष्ट्रातूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, आणि 1996 मध्ये कोर्टाने त्यांना नाही म्हटलं. कायदा शिकवायला मात्र दिवसाचे तीन तासांपर्यंत मुभा आहे.

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, किंवा तशाच आरोपावरून सरकारी नोकरीतून बडतर्फी झाली असेल, तर सुटकेनंतर अथवा बडतर्फीनंतर दोन वर्षं दार बंद. नुसती केस चालू असेल तर ती अर्जात लिहा. लपवून मिळवलेली सनद पुढे रद्द होऊ शकते.

कागदपत्रं, आणि नावाचं दुखणं

अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायचा. कार्यालय मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या आवारात. दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि नोकरी-धंदा व गुन्ह्यांबाबतची प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्रांचे नमुने बदलत राहतात. मित्राची मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवून मजकूर उतरवू नका, अर्ज भरायच्या दिवशी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असलेलाच नमुना घ्या. मूळ कागद आणि साक्षांकित प्रती यांचे दोन वेगळे गठ्ठे करा.

अर्ज बहुतेकदा अडतो तो नावावर. दहावीला आडनाव आधी, पदवीला शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. मुलींच्या बाबतीत तर दहावी माहेरच्या नावाची, एलएलबी सासरच्या. लग्नाचं प्रमाणपत्र, लागलं तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, हे सगळं अर्जाच्या *आधी* तयार ठेवा. शेवटच्या सत्राचा निकाल लागायची वाट बघू नका. सनदेवर जे नाव येईल तेच पुढे प्रत्येक वकीलपत्रावर राहणार आहे.

शुल्काबद्दल बाजारात अजून जुने आकडे फिरतात. कायद्यात रक्कम ठरलेली आहे: राज्य कौन्सिलला 600 आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150, म्हणजे 750 रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी 100 आणि 25. वर मुद्रांक शुल्क. राज्याराज्यांची कौन्सिलं वेगवेगळ्या नावांनी हजारोंनी घेत होती, ते 30 जुलै 2024 च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने थांबवलं. त्याआधी भरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत. एजंटाने मोठा आकडा सांगितला तर पावती कोणाच्या नावाची मिळणार, एवढंच विचारा.

सनदेनंतर

पहिली सनद तात्पुरती असते. दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावं लागतं. पर्यायी उत्तरांचे 100 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. ही परीक्षा वैध असल्याचं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2023 मध्ये सांगितलं आहे, तेव्हा “ती रद्द होणार आहे” असं कोणी बार रूममध्ये म्हणालं तर चहा प्या आणि अभ्यासाला लागा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर सनदेची तारीख जपा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली सुप्रीम कोर्टाने 20 मे 2025 ला पुन्हा सक्तीची केली, आणि ती तात्पुरत्या सनदेपासून मोजायची आहे. अर्ज सहा महिने घरी पडून राहिला तर ते सहा महिने गेले.

पहिली वर्षं ज्युनियरशिपची, म्हणजे सीनियर वकिलाच्या हाताखालची. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघायचं, सीनियरच्या तीन कोर्टांतल्या तारखा सांभाळायच्या, एकीकडे मुदतीचा अर्ज, दुसरीकडे हजेरी माफी, संध्याकाळी ऑफिसात मसुदे. पैशाचं बोलायचं तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरी ज्युनियरला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती. सीनियरकडे पहिल्याच भेटीत विचारून घ्या, लाजू नका. हायकोर्टाची कामं असतील तर मुंबईच्या फेऱ्या धरा: हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं, पण पुणे जिल्हा अजून मुंबईकडेच आहे.

गाऊन जिल्हा न्यायालयात सक्तीचा नाही. उन्हाळ्यात काळा कोटही नाही. तरी एप्रिलच्या दुपारी शिवाजीनगरच्या आवारात घामाघूम होऊन पळणारा जो दिसेल तो ज्युनियर कोटातच असतो, कारण नियम वाचलेला असला तरी सीनियरने आपला कोट अजून काढलेला नसतो.