पेलेट खाद्य, पोपटांचे

धान्ये, कडधान्ये व तेलबिया दळून, त्यांत जीवनसत्त्वे, खनिजे व ॲमिनो अम्ले मिसळून, त्या एकजीव पिठाच्या गोळ्या पाडून केलेला पाळीव पोपटांचा कोरडा आहार. दाण्यांच्या मिश्रणातून पोपट आवडते दाणे वेचून खातो आणि बाकीचे खाली टाकतो. त्यामुळे पाकिटावर छापलेले मिश्रण आणि पोटात गेलेले मिश्रण यांचा मेळ बसत नाही. पेलेटच्या प्रत्येक गोळीत सर्व घटक सारख्या प्रमाणात असल्याने वेचायला वाव उरत नाही. हेच या खाद्याचे मूळ प्रयोजन. ‘गोळीखाद्य’ हा शब्द मराठीत चालण्याजोगा असला, तरी पक्षिपालक व दुकानदार ‘पेलेट’च म्हणतात. हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पिला’ म्हणजे चेंडू हा शब्द आहे. घुबडे न पचलेली हाडे व केस ज्या गोळीच्या रूपाने ओकून टाकतात तिलाही पक्षिशास्त्रात पेलेट म्हणतात. तिचा येथे संबंध नाही.

उगम : वाफ देऊन गोळ्या पाडण्याची पद्धत कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ झाली. पीठ दाबाखाली शिजवून फुगवण्याची पद्धत न्याहारीच्या धान्यपदार्थांकडून आली. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने याच पद्धतीचे कुत्र्यांचे खाद्य बाजारात आणले. पोपटांसाठी पहिले पेलेट कोणी केले याविषयी एकमत नाही. अमेरिकन पशुवैद्य टी. जे. लॅफेबर यांच्याकडे बहुधा हा मान दिला जातो आणि काळ साधारणपणे १९७० नंतरचे दशक असा धरला जातो. प्राणिसंग्रहालयांत मात्र कोंबड्यांचे तयार खाद्य पोपटांच्या आहारात मिसळण्याची पद्धत त्याआधीची असावी. व्यापारी अग्रक्रमापेक्षा शास्त्रीय पाया कधी घातला गेला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्या दृष्टीने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत टी. ई. राउडीबुश व सी. आर. ग्राउ यांनी कॉकटील या लहान, तुरेवाल्या पोपटाच्या पिलांवर केलेले काम निर्णायक ठरते. वाढीच्या वयात खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात, हा त्यांचा निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर पोपटाच्या गरजेचे जवळजवळ सर्व आकडे कोंबडीवरून घेतलेले होते आणि त्यातले बरेच आजही तसेच आहेत.

प्रकार : फुगवलेले व दाबून पाडलेले असे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात ओलसर पीठ वाफ, उष्णता व दाबाखाली शिजते आणि छिद्रांच्या तबकडीतून बाहेर पडताच दाब सुटून फुगते. त्यामुळे पिष्ट पचायला हलके होते आणि जंतू मरतात. उष्णतेने काही जीवनसत्त्वे नष्ट होतात, म्हणून ती आधीच जास्त घालतात किंवा तेलाबरोबर नंतर वरून फवारतात. दुसऱ्या प्रकारात कमी उष्णतेत पीठ दाबून गोळी पाडतात. ती घट्ट, खरबरीत व चोचीखाली चुरा होणारी असते. ‘कोल्ड प्रेस्ड’ ही खूण दर्जाची हमी म्हणून मिरवली जाते. परंतु कच्चा माल बुरशीमुक्त नसेल, तर कमी उष्णता हा गुण न राहता धोका ठरतो. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष तर फुगवण्याच्या उष्णतेतही पूर्णपणे जात नाही. म्हणून कोणत्याही प्रकारात मका व शेंगदाणा कसा आहे, यावर बरेच काही ठरते.

दाण्यांतील उणीव : १०० ग्रॅम सोललेल्या सूर्यफूल-बियांत सुमारे ५० ग्रॅम मेद, ८० मिलिग्रॅम कॅल्शियम व ६५० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे असे मानतात; येथे ते आठव्या हिश्श्याइतके भरते. करडई ‘हलकी’ म्हणून दिली जाते, पण तिच्या गरातही ३८ टक्क्यांच्या आसपास मेद असतो. अ जीवनसत्त्व दाण्यांत नसल्यासारखेच. त्याच्या अभावी तोंडातील व श्वासमार्गातील नाजूक अस्तर जाड व कोरडे होते, टाळूच्या फटीच्या कडेचे बारीक काटे झिजून बोथट होतात, जिभेखाली पांढरट गाठी येतात आणि मग जंतुसंसर्ग शिरतो. वर्षानुवर्षे सूर्यफुलावर वाढलेल्या ॲमेझॉन पोपटात व बजरीगर या चिमुकल्या पोपटात यकृतावर चरबी चढणे, आफ्रिकन ग्रे या करड्या पोपटामध्ये रक्तातील कॅल्शियम घसरून झटके येणे, बजरीगरात आयोडीनअभावी अवटू ग्रंथी (थायरॉइड) सुजणे ही नेहमीची चित्रे आहेत. महाराष्ट्रातील घरांतली भिजवलेली हरभरा डाळ प्रथिने देते, पण कॅल्शियमची उणीव भरून काढत नाही. पोपटाला हिरवी मिरची देण्याची निंदा मात्र अनाठायी आहे. मिरचीतील तिखट द्रव्याची जाणीव पक्ष्यांच्या चेतातंतूंना होत नाही आणि पिकून लाल झालेल्या मिरचीत अ जीवनसत्त्वाची पूर्वद्रव्ये भरपूर असतात.

वेष्टन वाचणे : नेहमीच्या निर्वाहासाठी १२ ते १५ टक्के प्रथिने व ४ ते ८ टक्के मेद बहुतेक मध्यम पोपटांना पुरतो. विणीच्या काळात व पिलांसाठी प्रथिने १८ ते २२ टक्के लागतात. काही उत्पादक हा आकडा नावातच देतात. बेल्जियमच्या न्यूट्रिबर्ड मालिकेतील पी१५ हे निर्वाहाचे व पी१९ हे विणीचे खाद्य. पी१९ ताकदीचे म्हणून वर्षभर घालणे चूक आहे. साखर किंवा सिरप घटकांच्या यादीत वरच्या बाजूला असेल, तर ते खाद्य टाळावे. रंगीत पेलेटने विष्ठा लालसर किंवा हिरवी होते आणि रक्त पडत असेल किंवा यकृत बिघडले असेल, तरी ते रंगाखाली झाकून जाते. बिनरंगी पेलेट घेण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे. तेल खवट होऊ नये म्हणून इथॉक्सिक्विन, बीएचए किंवा बीएचटी ही कृत्रिम परिरक्षके घालतात. त्यांच्या हानीविषयी मतभेद आहेत. ई जीवनसत्त्व किंवा रोझमेरीचा अर्क वापरलेले खाद्य मिळत असेल, तर ते घ्यावे.

अ जीवनसत्त्वाचा वाद : या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा मुद्दा हाच. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने १९९८ मध्ये पोपटांसाठी शिफारशी केल्या. त्यांत खाद्यात किमान १२ टक्के प्रथिने, ०·३ ते १·२ टक्के कॅल्शियम, दर किलोमागे ५०० ते २,००० आंतरराष्ट्रीय एकके ड३ जीवनसत्त्व आणि किमान ८,००० एकके अ जीवनसत्त्व सुचवले आहे. हे आकडे मोठ्या प्रमाणात कोंबडीच्या गरजांवर बेतलेले होते. पुढे २००३ मध्ये ई. ए. कुट्सोस, के. सी. क्लासिंग व सहकाऱ्यांनी प्रौढ कॉकटीलवरील दीर्घ प्रयोग प्रसिद्ध केला. प्रौढ कॉकटीलला अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेपेक्षा त्याच्या अतिरेकाचा त्रास अधिक होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर २,००० ते ४,००० एककांची मर्यादा बरेच तज्ज्ञ सुरक्षित मानू लागले. म्हणजे एका शिफारशीतील किमान मर्यादा दुसरीच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट आहे. कॉकटील हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील दाणे खाणारा पक्षी असल्याने हा निष्कर्ष फळे खाणाऱ्या ॲमेझॉन किंवा एक्लेक्टस पोपटाला जसाच्या तसा लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही कॉकटील व बजरीगर यांच्यापुरता प्रयोगावर आधारलेला आकडा अनुमानापेक्षा ग्राह्य धरावा. व्यवहारात यातून सुटण्याचा मार्गही आहे. बीटा-कॅरोटीन या अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्याचे रूपांतर पक्ष्याचे शरीर गरजेपुरतेच करते, त्यामुळे त्यातून विषबाधा होत नाही. म्हणून रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) कमी व बीटा-कॅरोटीन जास्त असलेले पेलेट निवडून लाल भोपळा, गाजर, रताळे व शेवग्याचा पाला यांची जोड द्यावी.

येथे एक हिशेबाची चूक वारंवार होते. अमेरिकन वेष्टनांवर जीवनसत्त्वे बऱ्याचदा दर पौंडामागे दिलेली असतात. किलोचा आकडा काढण्यासाठी त्यांना २·२ ने गुणावे लागते; पौंडामागे ४,००० म्हणजे किलोमागे ८,८०० एकके. दुसरी चूक याहून घातक आहे : पेलेट सुरू केल्यावरही पाण्यात जीवनसत्त्वांचे थेंब टाकणे चालू ठेवणे. पेलेटमध्ये आधीच असलेल्यावर ही भर पडते. ड३ चा अतिरेक मकाव या मोठ्या पोपटाच्या पिलांना विशेष बाधतो. मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. पेलेटवर असलेल्या निरोगी पक्ष्याला कोणतेही जीवनसत्त्वपूरक वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. आफ्रिकन ग्रेच्या बाबतीत केवळ पेलेट पुरत नाही. एम. स्टॅनफर्ड यांच्या २००६ मधील अभ्यासात अतिनील-ब किरणांमुळे ग्रेच्या रक्तातील कॅल्शियम सुधारल्याचे दिसले. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून पक्ष्याला कोवळ्या उन्हात उघड्यावर, सावलीची सोय ठेवून बसवावे.

प्रमाण : पेलेट १०० टक्के द्यावे, असे काही उत्पादकांचे जुने मत आहे. वन्य पोपटांच्या आहारातील विविधता पाहणारे अभ्यासक त्याला विरोध करतात. केवळ पेलेटवर ठेवलेल्या कॉकटीलमध्ये, विशेषतः वेगळ्या रंगांसाठी पैदास केलेल्या वाणांत, मूत्रपिंडाचे विकार अधिक दिसल्याची निरीक्षणे आहेत, पण कारणसंबंध सिद्ध झालेला नाही. मध्यम व मोठ्या पोपटांना ६० ते ७० टक्के पेलेट, बाकी बहुतांश भाज्या, थोडी फळे व दाणे. बजरीगर व कॉकटील यांना ४० ते ५० टक्के पेलेट व उरलेल्यात राळा, बाजरी व पालेभाज्या, असे मधले प्रमाण अधिक सुरक्षित दिसते. मध्यम पोपट दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके कोरडे खाद्य खातो. लहान पक्षी त्याहून अधिक. हायसिंथ मकाव निसर्गात तेलकट ताडफळे खातो, म्हणून त्याला जास्त मेदाचे पेलेट किंवा वेगळे कवचफळ लागते. लोरी व लोरिकीट हे मधुरस पिणारे पक्षी असून त्यांच्या यकृतात लोह साचते. त्यांना सर्वसाधारण पेलेट देऊ नये. एक्लेक्टसमध्ये बोटे आपटण्याची व पंख झटकण्याची सवय अतिपोषित खाद्याशी जोडली जाते.

आकार : बजरीगरला चुरा, कॉकटील व कॉन्यूर या लहान पोपटांना बारीक, ग्रे व ॲमेझॉनला मध्यम असा क्रम रूढ आहे. परंतु डेव्हिस येथेच ॲमेझॉन पोपटांवर झालेल्या २०१० मधील प्रयोगात नेहमीपेक्षा कितीतरी मोठे पेलेट दिल्यावर पक्षी ते पंजात धरून, कुरतडत अधिक वेळ खाऊ लागले. पिंजऱ्यात रिकामा बसून पिसे उपटणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दाण्यांवरून पेलेटवर आणणे : वजनाचा काटा जवळ नसेल, तर हा बदल सुरूच करू नये. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मोठ्या पक्ष्यांना पुरतो. बजरीगरला ०·१ ग्रॅमचा हवा. वजन रोज सकाळी, पहिली विष्ठा पडल्यावर व खाण्याआधी घ्यावे. मूळ वजनाच्या १० टक्के घट ही शेवटची मर्यादा : ४५० ग्रॅमच्या ग्रेमध्ये ४५ ग्रॅम, ३५ ग्रॅमच्या बजरीगरमध्ये अवघे साडेतीन. तेथवर न थांबता निम्म्या घटीलाच दाणे पूर्ववत करावेत.

पहिल्या आठवड्यात दाणे किंचित ओलसर करून त्यांवर पेलेटची पूड चोळतात, म्हणजे दाणा सोलताना चव जिभेला लागते. पुढे सकाळी भूक असताना दोन तास फक्त पेलेट, मग मोजून दाणे. संध्याकाळी पुन्हा तसेच. दाण्यांचे माप दर तीन-चार दिवसांनी थोडे कमी करावे. कळपात खाणारा बजरीगर वाटीतल्या नव्या वस्तूकडे फिरकत नाही, पण आडव्या ठेवलेल्या आरशावर पसरलेला चुरा तो टोचू लागतो. वाटी रिकामी दिसली म्हणजे पक्ष्याने खाल्ले असे नव्हे. पेलेट कुस्करून खाली पाडणे ही पहिली पायरी असते. विष्ठा खरी गोष्ट सांगते. तपकिरी व भरीव झाली, तर पेलेट पोटात जात आहे. थोडी, गडद हिरवी किंवा काळपट व चिकट झाली, तर पक्षी उपाशी आहे. लहान पक्षी एक दिवसाच्या उपासानेही दगावू शकतो. आजारी, पिसे गळत असलेल्या किंवा अंडी घालणाऱ्या पक्ष्यावर हा बदल लादू नये. पेलेटवर पक्षी पाणी जास्त पितो व त्यात गोळ्या बुडवतो, म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

साठवण : पाकीट फोडल्यावर सहा ते आठ आठवड्यांत संपवावे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात यापेक्षाही लहान पाकीट घ्यावे आणि ते हवाबंद डब्यात, शीतकपाटात ठेवावे; डबा सामान्य तापमानाला आल्यावरच उघडावा, नाहीतर आत दव धरते. भिजवलेले पेलेट दोन तासांत काढून टाकावे. मोठ्या गोणीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सुटे विकलेले पेलेट स्वस्त पडते. पण त्यावर तारीख, घटक किंवा उत्पादक यांपैकी काहीच नसते. असे पेलेट घेऊ नये.

भारतातील स्थिती : बाजारात युरोपीय व अमेरिकन पेलेट आयात होऊन येतात, आयातीत गेलेले महिने वजा करून उरलेली मुदत पाहावी. राघू, करण पोपट, तोता असे देशी पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, म्हणून ही नोंद परदेशी जातींपुरतीच लागू पडते. ग्रे, मकाव, कॉन्यूर इत्यादी साइट्स या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातील जातींची नोंदणी शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर व कॉकटील त्या कराराच्या परिशिष्टांत नाहीत.