वारसा यादीतील घर आणि खिळ्याची गोष्ट
घर वारसा यादीत गेले की भिंतीत खिळाही ठोकता येत नाही, हा समज मुंबईच्या जुन्या वस्त्यांत वर्षानुवर्षे ऐकू येतो. नियम तसे म्हणत नाही. १९९५ पासून मुंबईत वारसा वास्तूंच्या तीन श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत बदलांना फारच थोडा वाव असला, तरी दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल सर्वसाधारणपणे करता येतात आणि तिसरीत परिसराशी सुसंगत असे बाहेरचे बदलही, अर्थात रीतसर परवानगी घेऊन.

खरा धोका वेगळाच आहे. गिरगावच्या खोताच्या वाडीत शोभणारा लाकडी व्हरांडा काढून तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, की घराचा चेहराच हरवतो. त्याहून घातक म्हणजे चुन्याच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा: चुन्यातून ओल बाहेर पडून सुकते, सिमेंट मात्र ती आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांनी बोटाने टकटक केल्यास गिलावा पोकळ वाजू लागतो. म्हणून आराखडा आखताना टाइल्सच्या आधी भिंत कशाची आहे हे पाहावे, आणि दुरुस्ती चुन्यानेच करावी. गवंडी कितीही नाक मुरडो.