कार्ब्युरेटरला तापमान कळत नाही

बाबांची गाडी ११ वर्षं जिन्याखाली उभी होती. हिरो होंडा सीडी-१००, १९९३ची, एमएच-३१ पासिंग. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात तिच्यावर आधी ताडपत्री आली, मग रद्दीचे गठ्ठे, मग एका मांजरीचं बाळंतपण. ती अंगणात ओढून आणली तेव्हा गल्लीतली पोरं हिरमुसली. यामाहाची आरएक्स-१०० निघेल अशी त्यांची आशा होती. सीडी-१०० हौसेनं कोणी जपत नाही; ती दूधवाल्यांनी, मास्तरांनी आणि पोस्टमननी वापरून संपवली. मला मात्र ती शोकेससाठी नको होती. रोज कॉलेजला न्यायची होती.

मिस्त्रीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली. "ताई, भंगारात काहून नाही देऊन टाकत?" मग खाली बसून किकवर हात ठेवला आणि सोडून दिला. ही किक न मारणं, हे त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटलेल्या असू शकतात. जोरात किक मारली की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा उठतो, आणि ५०० रुपयांचं काम सिलिंडर आतून कोरून घेण्यापर्यंत, म्हणजे बोअरिंगपर्यंत, जातं. त्यानं स्पार्क प्लग काढला, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि म्हणाला, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हलवलं. पिस्टन हलला.

टाकीत पेट्रोल नव्हतंच; गंजाची पूड आणि जुन्या वार्निशसारखा वास होता. पेट्रोल उभं राहिलं की त्यातले काही हायड्रोकार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात आणि चिकट डिंक तयार होतो. गंजासाठी मी किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. सायट्रिक आम्ल लोखंडाच्या आयनला चिमट्यासारखं धरतं आणि गंज पाण्यात उतरवतं. (संत्र्याच्या शहरात राहून हे आम्ल पुडीतून विकत घ्यावं लागलं, पण संत्र्यात ते लिंबापेक्षा पुष्कळच कमी असतं.) टाकी कोमट द्रावणानं भरून रात्रभर ठेवली, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळली. इथे घाई लागते. उघडं पडलेलं ताजं लोखंड ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा तांबूस होतं. हेअर ड्रायर लावून वाळवली आणि लगेच पेट्रोल भरून हलवलं.

त्यानंतर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडला, आणि तिथे चूक माझी झाली. आयडलिंगचं, म्हणजे गाडी जागेवर सुरू असतानाचं, पेट्रोल ज्यातून जातं त्या छोट्या पितळी नळीचं, म्हणजे जेटचं, भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. त्यात डिंक बसला होता. मी क्लच केबलची एक सुटी तार घातली आणि फिरवली. कचरा निघाला, गाडी सुरूही झाली, पण काळा धूर आणि पेट्रोलचा वास. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. ०.३५ मिलिमीटरचं भोक खरवडून ०.३८ झालं, म्हणजे डोळ्याला काहीच कळलं नाही, तरी क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं. पितळ पोलादापेक्षा मऊ, हे मी वर्गात शिकवते. जेट नवा घेतला. साफ करायचा तर कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा.

नवा जेट घालूनही गाडी मनासारखी चालेना. ॲक्सिलरेटर दिलं की अडखळायची, प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. मिस्त्री म्हणाला, "आता पेट्रोलच तसं येऊन राहिलं." मला ते नेहमीचं गाऱ्हाणं वाटलं. कागद घेऊन बसले तर त्याचं बरोबर निघालं.

कार्ब्युरेटर म्हणजे मधेच अरुंद केलेली नळी. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकानं पेट्रोल जेटमधून वर चढतं आणि हवेत मिसळतं. एवढंच. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि त्यानुसार छोटा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. सीडी-१००ला पेट्रोल कोणतं आलं आणि हवा किती तापली आहे, यातलं काहीच कळत नाही. (सेन्सरही देव नसतो. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं नंतर हवामान खात्यानं सांगितलं.)

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ पट, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये असतं तसं २० टक्के इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवं. कार्ब्युरेटर मात्र १९९३च्या हिशोबानं जुन्या पेट्रोलइतकंच देत राहतो. मिश्रण हवेकडे झुकतं, मिस्त्रींच्या भाषेत 'लीन' होतं, आणि गाडी अडखळते. २०१४ साली नागपुरात इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली होती, आम्ही मुलांना घेऊन बघायला गेलो होतो. पण त्या बसचं इंजिन त्याच इंधनासाठी घडवलेलं होतं. जिन्याखालच्या गाडीला कोणी विचारलं नव्हतं.

उपाय थोड्या मोठ्या मेन जेटचा, म्हणजे आयडलिंगच्या पुढचं पेट्रोल देणाऱ्या जेटचा. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा ७५ नंबरच्या जागी ७८ घातला, तर क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. बरोबर तेवढंच हवं होतं. एवढी सोयीची आकडेमोड शाळेच्या पुस्तकातही सापडत नाही.

इथेनॉलचं एक चांगलं आहे: त्याचं बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या जवळपास अडीच पट उष्णता शोषतं, म्हणून आत येणारं मिश्रण थंड राहतं. पण ते पाणीही ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत याचा फारसा त्रास नाही, टाकी आठवड्यात रिकामी होते. उभ्या गाडीत ओलावा साठतो, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. जुने रबराचे ओ-रिंग, पाइप आणि कॉकचा वॉशर इथेनॉलमध्ये फुगतात, म्हणून ते सगळे बदलले. रबर बदलायला १५० रुपये, गळतीनं आग लागली तर किती, हा हिशोब सोपा आहे.

आता नागपूर. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. ४५ तर पुष्कळ उन्हाळ्यांत. जानेवारीच्या पहाटे पारा १०च्या घरात. केल्विनमध्ये ३१८ आणि २८३. दाब तोच धरला तर मे महिन्यातली दुपारची हवा ११ टक्के विरळ असते. जेटमधून येणारं पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे साधारण ६ टक्केच. तापलेलं पेट्रोल स्वतःही थोडं विरळ होतं, ते वजा केलं तरी उन्हाळ्यात मिश्रण ४ टक्क्यांच्या आसपास पेट्रोलकडे झुकतं. इथेनॉल ओढतं एकीकडे, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, ओढतो दुसरीकडे. जेट मोठा न करताही मे महिन्यात गाडी बरी चालली असती आणि डिसेंबरात रडली असती. पुष्कळ लोक 'थंडीत गाडी त्रास देते' म्हणतात ते उगाच नाही.

उष्णतेचा दुसरा मार सिलिंडरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर. हवेनं गार होणाऱ्या इंजिनाची उष्णता तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते. सिलिंडरचं हेड १५० अंशांवर आहे असं धरा: १५ अंशांच्या सकाळी फरक १३५, ४५ अंशांच्या दुपारी १०५. बर्डीवर व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलं तर वारा तोही नाही. दीड मिनिट थांबायचं असेल तर मी इंजिन बंद करते. पट्ट्यांमधला चिखल आणि तेलाचा थर काढला की निम्मं काम होतं. त्यावर चमकदार पेंट मारणाऱ्यांना माझा नमस्कार.

ऑइल २०डब्ल्यू-४०, तेही मोटरसायकलचंच. या गाडीत तेच तेल क्लचलाही भिजवतं. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं तेल घातलं की क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो एमए, हे मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक, लिहिलेलं पाहावं. तिच्यात कागदी फिल्टर नाही, जाळी आणि फिरून मळ बाहेर फेकणारा गोल फिल्टर आहे, त्यामुळे तेल वेळेवर बदलण्याला पर्याय नाही. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे ती ११ वर्षांनंतरही चालण्याजोगी निघाली. ब्रेक शूची धूळ फुंकून काढू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर १४०९ होतं. नखानं दाबलं तर लाकूड.

वायरिंगचं मला काही कळत नाही, ते दुसऱ्याकडून करून घेतलं. आरटीओत नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवली. तिथल्या रांगेबद्दल लिहिलं तर लेखाचा विषयच बदलेल.

रोजच्या वापरात सेन्सरचं काम मलाच करावं लागतं. महिन्यातून एकदा प्लग काढते: मारी बिस्किटाचा रंग असेल तर ठीक, चुन्यासारखा असेल तर पेट्रोल कमी, काजळी असेल तर जास्त. पीयूसीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असतो, तो बहुतेक लोक वाचतही नाहीत. पेट्रोल जास्त जात असेल तर हा आकडा चढतो. इतक्या स्वस्तात धुराचं असं मोजमाप दुसरीकडे कुठे मिळतं?

कार्ब्युरेटरच्या अंगावर मिक्श्चरच्या स्क्रूशेजारी मी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले आहेत, लाल उन्हाळ्याचा आणि निळा हिवाळ्याचा. दोघांत पाव फेऱ्याचं अंतर. हा स्क्रू आयडलिंग आणि हळू चालीपुरताच, पण महालाच्या गल्ल्यांत गाडी तेवढीच चालते. मिस्त्रीनं ते पाहिले आणि हसला, "ताई, हे तं तुम्ही तिला कुंकूच लावून देल्लं." यंदा होळीच्या आधीच स्क्रू लालवर आणावा लागला.