सेल काढला की मेलेला पीसी जिवंत का होतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुन्या पीसीवर ११ बसवायची खटपट घरोघरी चाललीय. सांगलीत मार्केट यार्डात आमच्या मामांची हळदीची पेढी आहे, तिथं मामेभावानं व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन सीएसएम (जुनं हार्डवेअर चालवून घेणारी सोय) बंद केलं, सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू केलं, सेव्ह केलं आणि झालं, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी. दुकानदार म्हणाला मदरबोर्ड गेला. मुनीमजी म्हणाले अमावस्येला हात लावायलाच नको होता.

मी म्हटलं मामा थांबा, बोर्डाला काही झालेलं नाही. ग्राफिक्स कार्ड जुनं, ते सीएसएमच्या जुन्या पद्धतीनंच चित्र दाखवतं, ते बंद केल्यावर दिसणार कुठून, आणि दिसतच नाही तर सेटिंग परत बदलणार कसं? किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं. भिंतीतली पिन काढली, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं, बाजूचं झाकण उघडून नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढला, दहा मिनिटांनी परत बसवला. चालू!

आता हे का होतं ते मला फार आवडतं. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाच्या घड्याळाच्या चिपमध्ये ६४ बाइट जागा होती, १४ घड्याळाला, ५० सेटिंगला. ही मेमरी सीमॉस तंत्राची, वीज इतकी कमी खाते की छोट्या सेलवर वर्षानुवर्षं टिकते, पण सेल काढला की सगळं पुसलं. मग कॉम्प्युटरला कळतं कसं की आत कचरा आहे? रोजकीर्दीच्या पानाखाली बेरीज असते ना, तशी सेटिंगच्या आकड्यांची बेरीज शेजारी लिहून ठेवलेली असते. सुरू होताना परत बेरीज करायची, जुळली नाही तर कारखान्यातली सेटिंग घ्यायची.

पण आताच्या बोर्डात सेटिंग बहुतेक फ्लॅश चिपमध्ये असतात, तिला टिकायला वीज लागतच नाही. तरी सेल काढून काम होतं, कारण चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा, एक छोटा कोपरा अजून सेलवर चालतो आणि त्याची वीज गेली की तिथं एक बिट खूण म्हणून उभा राहतो. बायोस तो बघतं आणि साठवलेलं बाजूला ठेवून मूळ सेटिंग भरतं. बोर्डावरचा क्लिअर सीमॉसचा जंपर सेल न काढता हीच खूण उभी करतो. मात्र खूण बघून काय करायचं हे बोर्ड बनवणाऱ्यावर असतं, म्हणून काही लॅपटॉपमध्ये सेल काढूनही बायोसचा पासवर्ड जात नाही. यात अमावस्या कुठंच येत नाही, आणि पोराच्या मनात अशी भीती घालणं मला मनापासून खटकतं.

त्याच कोपऱ्यात घड्याळाचा क्रिस्टल असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याचं १५ वेळा निम्मं केलं की बरोबर १. सेल निघाला की हे घड्याळ थांबतं, तारीख काही वर्षं मागं जाते, आणि मग वेबसाइटची सर्टिफिकेटं चुकीची दिसतात, लोकांना वाटतं नेट बिघडलं.

मामेभावाला अजूनही ११ हवंय. त्याची डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीनं भाग पाडलेली आहे, ती आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागेल, मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी हे टूल त्यासाठीच आहे, पण बॅकअप घेऊनच, आणि कार्डही बदलावं लागेल. मामांनी मात्र घाईत तारीख न बघताच पहिली पावती काढली, ती २०१५ ची निघाली, रद्द करून परत काढली.