एका पायावर उभे राहा: खुब्याची तपासणी आणि तरफेचा हिशेब

नाटक-सिनेमात लंगडणारे पात्र बहुतेक वेळा काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरते. ती हवी विरुद्ध हातात. असे का, हे ज्याला कळले त्याला खुब्याच्या तपासणीतली सर्वांत देखणी चाचणी कळली.

डॉक्टर रुग्णाला साधारण अर्धा मिनिट एका पायावर उभे करतात आणि मागून बघतात. समजा, उजव्या पायावर. आता शरीराचे वजन उजव्या खुब्याच्या डावीकडे पडते आणि कटी डावीकडे कलंडू पाहते. तिला सावरून धरतो तो उजव्या कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, ग्लुटियस मीडियस. शाळेतली तरफच ही. टेकू म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा. एकीकडे भार, दुसरीकडे स्नायू.

थोडे गणित करू. माणूस 60 किलोचा. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण सहावा भाग, म्हणून टेकलेला पाय वगळून उरले 50. या भाराची भुजा 10 सेंमी धरा, स्नायूची 5. म्हणजे स्नायूला 100 किलोची ओढ लावावी लागते आणि सांध्यावर दोन्ही मिळून 150, वजनाच्या अडीचपट! (स्नायू तिरपा ओढतो, त्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा येतो.) आता डाव्या हातात काठी द्या. खुब्यापासून ती 40 सेंमीवर. तिच्यावर फक्त 5 किलोचा दाब दिला की स्नायूची ओढ 60 वर येते आणि सांध्यावरचा भार 105 वर. तोच रेटा उजव्या हाताने दिला तर तो कलंडण्याच्याच दिशेने लागतो.

स्नायू दुबळा असेल, त्याची नस दुखावली असेल किंवा टेकूच जागेवर नसेल, तर कटीची डावी बाजू खाली झुकते. दोष मात्र उजव्या खुब्यात! नवशिके इथेच फसतात. काही रुग्ण धड उजवीकडे झोकून भाराची भुजाच कमी करतात. त्यांची डोलती चाल त्यातूनच येते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी हे 1895 मध्ये मांडले. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या अखेरचा. आजही झोपवून काढलेला फोटो हाड दाखवतो, स्नायू वजन पेलतो की नाही हे दाखवत नाही.

जाता जाता: मोठ्या माणसाचा खुबा अपघातात निखळला तर तो चालत येऊच शकत नाही. मग चालत आलेल्यांना हिसका देऊन ‘सरकलेला खुबा’ बसवणारे नेमके काय बसवतात?

बाकी तपासणी झोपवून. थॉमस चाचणीत निरोगी पाय दुमडून पोटाशी आणतात. पाठीची कमान सपाट होते आणि तिच्याआड लपलेला आखडलेपणा उघडा पडतो: दुसरी मांडी आपसूक वर उचलते. मग गुडघा दुमडून पाऊल बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे मांडी आत वळते. सांधा झिजू लागला की बहुधा हीच हालचाल आधी कमी होते. दुखणेही खुब्याच्या बाजूला नव्हे, तर जांघेत जाणवते.

कधी ते जांघेतही नसते. खुबा आणि गुडघा यांना काही समाईक नसांच्या शाखा जातात, त्यामुळे वाढीच्या वयात मांडीच्या हाडाचा माथा घसरू लागला तरी मूल हात ठेवते गुडघ्यावर. म्हणून लंगडणारे मूल गुडघा दाखवत आले, तरी त्याची मांडी आत वळते का, हे पाहावेच लागते.