महासाथ आणि मासळीची पुरवठासाखळी

मासळी जाळ्यातून निघाल्यापासून ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत बंदर, बर्फ, लिलाव, वाहतूक, प्रक्रिया आणि विक्री अशा टप्प्यांतून जाते. महासाथीत ही साखळी कशी तुटते आणि त्याचा मत्स्यसाठ्यांवर व मच्छीमारांच्या उपजीविकेवर काय परिणाम होतो, हे कोविड-१९च्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ठळकपणे दिसून आले. मासळी काही तासांतच खराब होऊ लागत असल्याने धान्याप्रमाणे ती अडवून ठेवता येत नाही. त्यामुळे साखळीतील एक टप्पा थांबला तरी मागचे सगळे टप्पे थांबतात.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मासेमारीही थांबली. १० एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने मासेमारी, मत्स्यशेती, प्रक्रिया व विक्री यांना सूट दिली, परंतु केवळ परवानगीने बोटी समुद्रात जाऊ शकत नव्हत्या. बर्फ कारखाने बंद होते, गर्दीच्या भीतीने बंदरांवरील लिलावांवर निर्बंध होते आणि हॉटेले बंद असल्याने पापलेट, सुरमई, कोळंबी यांसारख्या महाग मासळीचा मोठा ग्राहकच नाहीसा झाला होता. खलाशांचा प्रश्न त्याहून बिकट होता. यांत्रिक बोटींवरील बरेचसे खलाशी परप्रांतांतून येतात. गुजरातमधील वेरावळ बंदरात आंध्र प्रदेशातील हजारो खलाशी आठवडेच्या आठवडे बोटींवरच अडकून पडले आणि एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी त्यांना गावी नेण्यात आले. केरळमध्ये बंदरांवरील लिलाव बंद करून भाव ठरवून देण्याची पद्धत अवलंबिली गेली. त्यामुळे गर्दीला आळा बसला आणि लहान मच्छीमारालाही काही निश्चित भाव मिळू शकला. आपत्तीत घेतलेल्या निर्णयांपैकी हा विशेष उल्लेखनीय मानावा लागेल.

कोकणात टाळेबंदी नेमकी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, तोंडावर आली. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या यांची पावसाळ्यासाठीची बेगमी एप्रिल-मे महिन्यांत होते आणि पावसाळी मासेमारी बंदीच्या काळातील कोळी कुटुंबांचा खर्च बऱ्याच अंशी याच विक्रीवर चालतो. आठवडी बाजार भरले नाहीत, रेल्वे व एसटी बंद राहिली, त्यामुळे पाटी घेऊन गावोगावी जाणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांचा मार्गच खुंटला. बोटमालकाला डिझेलचा परतावा, संस्थेचे कर्ज असे काही आधार तरी असतात. रोजच्या भांडवलावर माल उचलणाऱ्या कोळिणीची मात्र नुकसानीच्या कोणत्याही यादीत सहसा नोंद होत नाही. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले.

निर्यातीला धक्का टाळेबंदीच्या आधीच बसला होता. चीनमधील मागणी आटल्याने २०२०च्या आरंभी जिवंत खेकड्यांची निर्यात थांबली. पुढे चीनने गोठवलेल्या मासळीच्या वेष्टनांवर विषाणूचा अंश सापडल्याचे सांगत काही पुरवठादारांची आयात वेळोवेळी स्थगित केली. शेततळ्यांत वाढवल्या जाणाऱ्या व्हॅनामेई जातीच्या कोळंबीची प्रजननक्षम जोडी मुख्यतः अमेरिकेतून विमानाने येते. उड्डाणे थांबताच बीजनिर्मिती केंद्रेही अडचणीत आली. २०१९-२० मध्ये सुमारे १२.९ लाख टन असलेली भारताची सागरी उत्पादनांची निर्यात २०२०-२१ मध्ये सुमारे ११.५ लाख टनांवर आली.

मासेमारी थांबल्याने समुद्राला विश्रांती मिळाली, असे त्या काळात पुष्कळदा म्हटले गेले. देशातील सागरी मत्स्योत्पादन २०१९ मधील सुमारे ३५.६ लाख टनांवरून २०२० मध्ये सुमारे २७.३ लाख टनांपर्यंत उतरले, हे खरे आहे. तथापि बुडालेला हंगाम भरून काढता यावा म्हणून केंद्राने आपल्या अखत्यारीतील समुद्रक्षेत्रात ६१ दिवसांची पावसाळी मासेमारी बंदी त्या वर्षी ४७ दिवसांवर आणली. पश्चिम किनाऱ्यासाठी ती १ जूनऐवजी १५ जूनपासून ठरली. पावसाळा हा अनेक जातींचा प्रजननकाळ असल्याने एप्रिलमधील सक्तीची विश्रांती जूनमधील विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. देखरेखही याच काळात सैल झाली: पश्चिम व मध्य प्रशांत महासागरात ट्यूना पकडणाऱ्या पर्ससीन (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या) जहाजांवर निरीक्षक ठेवण्याची अट संसर्गाच्या भीतीने स्थगित करण्यात आली. जहाजाने काय पकडले आणि काय परत समुद्रात फेकले, याची स्वतंत्र नोंद त्यामुळे खंडित झाली. मत्स्यसाठ्यांचे अंदाज अशा नोंदींवरच बांधले जातात.